कौन्सिलच्या घरांचा कारभार कंपनीकडून परत घेताना: एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरातलं आहे. शहराचं, कंपनीचं, माणसांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या काळात कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महानगरपालिकेच्या, गृहनिर्माण विभागात नोकरीला होते. कौन्सिलची घरं सांभाळणाऱ्या कंपनीच्या कामावर कौन्सिलच्या वतीने लक्ष ठेवणं माझ्याकडे होतं, त्यामुळे पुढे जे चुकलेलं सांगणार आहे त्यात माझाही वाटा आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. म्हाडाचं घर लॉटरीत लागलं की बहुतेकदा ते आपल्या मालकीचं होतं. इंग्लंडमधलं कौन्सिलचं घर, भाडेकरूने विकत घेण्याचा हक्क वापरला नाही तर, भाड्याचंच राहतं. माणसं त्यात तीस-चाळीस वर्षं काढतात, मुलं वाढवतात, आणि गळक्या नळापासून छपरापर्यंत सगळी दुरुस्ती घरमालक म्हणून कौन्सिलने करायची असते. भाडं ‘हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट’ नावाच्या वेगळ्या खात्यात जमा होतं. हे पैसे रस्त्यांवर किंवा ग्रंथालयांवर वळवता येत नाहीत, १९८९ च्या कायद्याने तशी मनाई केली आहे.

२००० नंतर लेबर सरकारने ठरवलं की २०१० पर्यंत सगळी सामाजिक घरं (कौन्सिलची आणि हाउसिंग असोसिएशनची भाड्याची घरं) ‘डीसेंट होम्स’ या किमान दर्जाला आणायची. त्यासाठी कौन्सिलला जादा पैसे हवे असतील तर वाटा तीनच होत्या. घरं हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे भाड्याची घरं चालवणाऱ्या ना-नफा संस्थेला, देऊन टाकायची, खासगी गुंतवणुकीचा दीर्घ करार करायचा, किंवा ‘आर्म्स लेंग्थ मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन’, म्हणजे सगळे जिला ‘आल्मो’ म्हणतात ती कंपनी काढायची. आल्मोत घरं कौन्सिलचीच राहतात, कंपनीही पूर्णपणे कौन्सिलच्या मालकीची असते, फक्त रोजचा कारभार वेगळ्या संचालक मंडळाकडे जातो. त्या मंडळात साधारण एक तृतीयांश नगरसेवक, एक तृतीयांश भाडेकरू आणि उरलेले बाहेरचे जाणकार असत. ऑडिट कमिशन या सरकारी तपासणी संस्थेकडून किमान दोन तारे मिळाले की सरकारी पैसा सुटायचा. पहिल्या आल्मो २००२ मध्ये सुरू झाल्या आणि ऐन भरात त्या जवळपास ७० होत्या. दहा लाखांहून जास्त घरं त्यांच्याकडे होती.

आमच्या शहराची कंपनी त्याच लाटेतली. तिने चांगलं काम केलं, हे मी आवर्जून सांगते, कारण नंतरच्या वादात लोक ते विसरले. हजारो घरांत नवी किचन बसली, बॉयलर आले, खिडक्या बदलल्या. आजही इथले जुने भाडेकरू काळ मोजताना ‘आमचं किचन झालं त्या वर्षी’ असं म्हणतात.

पण कंपनी काढण्याचं कारण २०१० नंतर उरलं नाही. तो निधी आटला. तारे देणारं ऑडिट कमिशन बंद झालं. एप्रिल २०१२ पासून कौन्सिलांनी आपापल्या घरांचं कर्ज अंगावर घेतलं आणि भाडं स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली. २०१६ पासून चार वर्षं सरकारने दरवर्षी भाडं एक टक्का कमी करायला लावलं. मग दोन मनुष्यबळ विभाग, दोन हिशेब विभाग, दोन मुख्याधिकारी कशाला, हा प्रश्न प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी येऊ लागला. शेफील्ड आणि लीड्सने २०१३ मध्ये कारभार परत घेतला, हॅकनीने २०१६ मध्ये, मँचेस्टर आणि किर्कलीजने २०२१ मध्ये, हॅरिंगेने २०२२ मध्ये, लुइशमने २०२३ मध्ये. आमच्याकडे विषय निघायचा आणि पुढच्या वर्षावर जायचा.

अडचण कशी समोर आली

नोव्हेंबर २०२३. मी एका ब्लॉकमध्ये ओलीच्या तक्रारीसाठी गेले होते. तिसऱ्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत होत्या. खाली दारातला बझर दाबला तर आवाजच नाही. कोणीतरी बाहेर पडलं तेव्हा मी आत शिरले.

बेडरूमच्या कोपऱ्यात छताजवळ काळी बुरशी होती. दोनदा धुऊन वर रंग मारून झाला होता, दोन्ही वेळा ती परत आली होती. मी फोटो काढत असताना बाईंनी किचनमधला ड्रॉवर उघडला आणि रबरबँड लावलेली कार्डं टेबलावर ठेवली. सहा कार्डं. प्रत्येकावर तोच मजकूर छापलेला: वायरिंगच्या तपासणीसाठी आम्ही आलो होतो, तुम्ही घरी नव्हता, कृपया फोन करा.

“मी कुठे जाणार?” बाई म्हणाल्या. “गुडघ्यांमुळे मी खाली उतरतच नाही. ही कार्डं खाली पडलेली असतात, शेजारीण वर आणून देते.”

ऑफिसला परत येऊन मी त्यांचा पत्ता कंपनीच्या तक्त्यात शोधला. वायरिंग तपासणीच्या रकान्यात हिरवा ठिपका होता. काम पूर्ण.

तो हिरवा ठिपका कसा आला, हे शोधायला मला तीन आठवडे लागले. इलेक्ट्रिशियन यायचा, बझर बंद असल्यामुळे आत जाता येत नसे, तो कार्ड टाकून निघून जायचा. तीन फेऱ्या फुकट गेल्या की कंपनीच्या संगणकात ते काम आपोआप ‘बंद’ व्हायचं आणि काही महिन्यांनी नवं काम उघडायचं. तिमाही अहवालात ‘बंद’ कामं ‘पूर्ण’ म्हणून मोजली जायची. बझर दुरुस्तीची तक्रार वर्षभर जुनी होती, पण ती दुसऱ्या टीमकडे, दुसऱ्या कंत्राटदाराकडे, सुट्या भागाची वाट पाहत पडून होती. दोन्ही टीम एकाच मजल्यावर बसायच्या. एकीची यादी दुसरीला दिसत नव्हती.

यात कोणी खोटं बोललं नव्हतं. कंत्राटदाराने कार्ड टाकलं ते खरं, संगणकाने नेमून दिल्याप्रमाणे काम बंद केलं तेही खरं. कंपनीने मंडळाला आकडा दिला, मंडळाने कौन्सिलला दिला, आणि कौन्सिलच्या वतीने मी दर तिमाहीला तो अहवाल वाचून पुढे पाठवला. कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवणारी कौन्सिलची चांगली टीम होती. खर्च कमी करता करता त्या टीममध्ये मी आणि अर्धवेळ काम करणारी एक सहकारी एवढेच उरलो होतो. आम्ही रंग बघायचो. ठिपक्यामागचा कागद मागवायचो नाही.

आता मी तो मागवला. त्या एका ब्लॉकमधल्या प्रत्येक घराचं वायरिंगचं प्रमाणपत्र मागितलं, म्हणजे इलेक्ट्रिशियनची सही आणि तारीख असलेली पीडीएफ. काही लगेच आली. काही दहा वर्षांहून जुनी निघाली. काही आलीच नाहीत. पाच वर्षांतून एकदा तपासणी हा या क्षेत्रात तेव्हाही मान्य असलेला नियम होता, जरी सामाजिक घरांसाठी त्याचं कायदेशीर बंधन नोव्हेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलं. मग दुसरा ब्लॉक घेतला, मग तिसरा. चित्र तेच.

पहिला निर्णय: सांगायचं की आधी निस्तरायचं

हिवाळा याच वादात गेला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, कंपनीचं काय करायचं हा नव्हे.

एप्रिल २०२४ पासून कायदा बदलणार होता. ग्रेनफेल टॉवरच्या आगीत १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ७२ माणसं गेली. तिथली घरंही कौन्सिलच्या मालकीची आणि कारभार वेगळ्या संस्थेकडे होता. त्या आगीनंतर भाडेकरूंचं कोणी ऐकत नाही ही ओरड इतकी वाढली की २०२३ चा सोशल हाउसिंग रेग्युलेशन कायदा आला. त्यानुसार सामाजिक घरांवर देखरेख करणारा सरकारी नियामक आता हजाराहून जास्त घरं असलेल्या प्रत्येक घरमालकाची चार वर्षांतून किमान एकदा तपासणी करतो आणि सी-१ ते सी-४ अशी श्रेणी जाहीर करतो. सी-३ म्हणजे गंभीर त्रुटी.

एक मत असं होतं की सहा महिने थांबावं, तपासण्या उरकाव्यात आणि मग नियामकाला नीट चित्र द्यावं. हे मत मांडणारी माणसं वाईट नव्हती. जाहीर बदनामी झाली तर चांगले इलेक्ट्रिशियन आणि अधिकारी सोडून जातील ही त्यांची भीती खरी होती. दुसरं मत कायदा विभागाच्या प्रमुखांचं. त्या म्हणाल्या, “घरमालक आपण आहोत. कंपनीशी करार केला म्हणून ती जबाबदारी कंपनीची होत नाही. आणि आज आपल्याला माहीत आहे हे आपल्याला माहीत आहे.” त्या दोन वाक्यांनंतर खोलीतला सूर बदलला.

ईस्ट केंटचं उदाहरण समोर होतंच. तिथे चार कौन्सिलांची मिळून एक आल्मो होती. २०१९ मध्ये गॅस सुरक्षेच्या तपासण्या राहून गेल्याचं उघड झालं, तेव्हा नियामकाने ठपका कंपनीवर न ठेवता चारही कौन्सिलांवर ठेवला, कारण घरमालक त्या होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये ती कंपनी बंद झाली.

एप्रिलमध्ये कौन्सिलने स्वतः नियामकाला कळवलं. काही महिन्यांत सी-३ जाहीर झालं आणि स्थानिक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली.

कोणते पर्याय तोलले गेले

कागदावर चार होते. कंपनी ठेवायची, पण करार नव्याने लिहायचा आणि मंडळ बदलायचं. कारभार कौन्सिलमध्ये आणायचा. शेजारच्या कौन्सिलच्या कंपनीला काम द्यायचं. किंवा घरंच हाउसिंग असोसिएशनला द्यायची. चौथ्यासाठी भाडेकरूंचं मतदान लागतं आणि घरं एकदा गेली की परत येत नाहीत, त्यामुळे तो पहिल्याच बैठकीत बाजूला पडला. तिसऱ्यात देखरेखीचा तोच प्रश्न आणखी लांब गेला असता.

खरी लढत पहिल्या दोनांत होती, आणि पहिला पर्याय दिसतो तितका कमकुवत नव्हता. कंपनीत बरीच वर्षं काम केलेली माणसं होती, त्यांना गल्ली न गल्ली माहीत होती. हस्तांतराच्या गडबडीत वर्षभर सगळ्यांचं लक्ष नोकऱ्या, पगार आणि खुर्च्यांकडे जाणार आणि वायरिंग मागे पडणार, हा कंपनीच्या अध्यक्षांचा युक्तिवाद होता. मला तो पटला होता.

माझं मत बदललं ते एका साध्या गोष्टीमुळे. पहिला पर्याय चालायचा तर कौन्सिलला देखरेखीची भक्कम टीम पुन्हा उभी करावी लागली असती. कंपनीत काम करणारे एक, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे दुसरे, आणि दोघांचा पगार भाडेकरूंच्या भाड्यातून. भाडेकरूंनी दोन मंडळींना पोसण्यापेक्षा एकाच मंडळीने घराला आणि नगरसेवकांना थेट जबाब द्यावा, हे मला जास्त बरोबर वाटलं.

खर्चाच्या बाबतीत सल्लागारांच्या अहवालात बचतीचा आकडा ठळक होता आणि एकदाच होणारा खर्च मागच्या परिशिष्टात. संगणक प्रणाली, निवृत्तिवेतनाची देणी, करार मोडण्याचे पैसे, ऑफिस हलवणं. मी त्या दोन आकड्यांची एकाच पानावर मांडणी करून मागितली आणि ती मिळाली, पण कॅबिनेटच्या, म्हणजे कौन्सिलचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, बैठकीच्या आदल्या दिवशी. तोवर नगरसेवकांच्या डोक्यात बचत पक्की बसली होती.

भाडेकरूंना विचारणं १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम १०५ नुसार आवश्यक होतं. पत्रं गेली, सभा झाल्या, जवळपास सगळ्या वस्त्यांत आम्ही दारोदार फिरलो. बहुतेकांचं उत्तर ‘कौन्सिलने परत घ्यावं’ असंच होतं. पण दारात उभं राहून ऐकलेलं वेगळं होतं. कंपनी आणि कौन्सिल यांतला फरकच पुष्कळांना माहीत नव्हता. “तुम्ही कौन्सिलचीच माणसं ना?” असं विचारून लोक थेट छपराकडे बोट दाखवायचे.

काय केलं

२०२४ च्या शरद ऋतूत कॅबिनेटने निर्णय घेतला आणि हस्तांतराची तारीख १ एप्रिल २०२५ ठरली.

वायरिंगसाठी तारखेची वाट बघायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. निर्णयाआधीच कौन्सिल आणि कंपनी यांची एकत्र टीम बसवली. पहिलं काम इलेक्ट्रिशियन पाठवण्याचं नव्हतं, बझर दुरुस्त करण्याचं होतं. ज्या ब्लॉकचं डोअर एंट्री बंद, तिथे आधी ते सुरू. मग संध्याकाळच्या आणि शनिवारच्या वेळा दिल्या. इलेक्ट्रिशियनसोबत वस्तीचा हाउसिंग ऑफिसर जायचा, कारण त्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा. आत येऊ न देणाऱ्यांसाठी न्यायालयाचा हुकूम हा शेवटचा मार्ग होता आणि तो फार थोड्या घरांसाठी लागला. बरीचशी दारं एका फोनवर उघडली, फक्त फोन नोकरीवरून घरी परतल्यानंतरच्या वेळेत करायला हवा होता.

तक्त्यातला हिरवा ठिपका आम्ही काढून टाकला. त्याजागी तीन रकाने आले: दाराशी गेलो, आत गेलो, प्रमाणपत्र हातात आहे. तिसऱ्या रकान्यात पीडीएफ जोडल्याशिवाय तारीख टाकताच येत नाही.

कर्मचारी ‘ट्युपी’च्या, म्हणजे काम एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना नोकरांना संरक्षण देणाऱ्या, नियमांनुसार आपल्या आहे त्या पगार-अटींसह कौन्सिलमध्ये आले. इथे कोणाची नोकरी जाणार नाही हे पहिल्या आठवड्यातच लेखी सांगितलं, अपवाद फक्त वरच्या काही पदांचा. त्यामुळे रिपेअरवाले टिकले. प्लंबर, सुतार, गवंडी यांनी जॅकेटवरचं बोधचिन्ह बदललं आणि दुसऱ्या दिवशी त्याच व्हॅनमधून कामाला निघाले.

चूक झाली ती संगणकात. कंपनीच्या जुन्या प्रणालीचा परवाना मार्चअखेर संपत होता. तो वर्षभर वाढवायला पैसे लागत होते आणि बचतीच्या आकड्याला धक्का लागला असता, म्हणून हस्तांतर आणि नवी प्रणाली एकाच दिवशी करायचं ठरलं. मी त्या बैठकीला होते. मला शंका होती आणि मी ती पुरेशा जोरात मांडली नाही.

एप्रिल आणि मे महिन्यांत फोनवर लोक ताटकळत राहिले. भाड्याच्या खात्यांत हाउसिंग बेनिफिटचे (भाड्यासाठीच्या सरकारी मदतीचे) पैसे चुकीच्या नावावर जमा झाले आणि नियमित भाडं भरणाऱ्यांना थकबाकीची पत्रं गेली. आयुष्यात एक हप्ता न चुकवलेल्या एका गृहस्थांनी ते पत्र हातात घेऊन आमच्या काउंटरवर उभं राहून रडलेलं मी पाहिलं आहे. त्यांची माफी मागायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. पैसे चार दिवसांत जुळले. त्यांना झालेला त्रास त्याने भरून निघाला नाही.

आज काय स्थिती आहे

वायरिंगच्या तपासण्या जवळपास पूर्ण झाल्या आहेत, या वेळी प्रमाणपत्रांसह. नियामकाची श्रेणी अजून तीच आहे, ती पुढच्या तपासणीतच बदलू शकेल. रिपेअर पहिल्या उन्हाळ्यात आधीपेक्षा सावकाश होते, आता पूर्वीच्या पातळीला आले आहेत. बचत होते आहे, पण अहवालात म्हटलं होतं त्यापेक्षा कमी आणि उशिरा.

एक गोष्ट स्पष्टपणे सुधारली. नगरसेवकांकडे तक्रार आली की ती आता ‘कंपनीला विचारतो’ म्हणून टोलवता येत नाही. गृहनिर्माणाची जबाबदारी असलेल्या नगरसेविका दर महिन्याला एक वस्ती पायी फिरतात आणि सोबत तो तीन रकान्यांचा तक्ता असतो.

आणि एक गोष्ट बिघडली. कंपनीच्या मंडळात भाडेकरू संचालक होते. त्यांना मताचा अधिकार होता, हिशेब मागता येत होते, मुख्याधिकाऱ्याच्या नेमणुकीत त्यांचा हात होता. कौन्सिलच्या कॅबिनेटमध्ये निवडून आलेले नगरसेवकच बसू शकतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सल्लागार समिती नेमली गेली. त्यातल्या दोघी जुन्या संचालिका सहा महिन्यांत सोडून गेल्या. एक मला म्हणाल्या, “आधी मी ‘नाही’ म्हटलं तर काम थांबायचं. आता तुम्ही लिहून घेता.”

पुन्हा करायचं झालं तर

मी सगळ्यात आधी त्या दोघींची जागा पक्की करेन. भाडेकरू समितीला नावापुरतं ठेवायचं नसेल तर तिला काही ठोस हक्क लागतात: कोणताही कागद मागवण्याचा, कॅबिनेटपुढे स्वतः बोलण्याचा, आणि तिने हरकत घेतली तर निर्णय एका बैठकीपुरता थांबण्याचा. कौन्सिलच्या घटनेत हे बसवता येतं. त्याला वेळ लागतो, आणि आम्ही तो वेळ हस्तांतराआधी काढायला हवा होता. आता त्यावर काम सुरू आहे.

संगणक प्रणाली एक वर्ष जुनीच ठेवेन, परवान्याचे पैसे भरून. त्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त खर्च आम्ही पत्रं दुरुस्त करण्यात केला.

कंपनीच्या अध्यक्षांच्या इशाऱ्याकडेही मी जास्त लक्ष देईन. वायरिंग आम्ही सांभाळलं, कारण त्यावर सगळ्यांची नजर होती. पण त्याच काळात ओल आणि बुरशीच्या तक्रारी मागे पडल्या. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीमुळे गेला, त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, गंभीर ओलीसाठी दहा कामकाजी दिवसांत पाहणी आणि त्यानंतर पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित. हा कायदा आला तेव्हा आमच्या जुन्या तक्रारींचा ढीग छोटा नव्हता.

त्या ढिगात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची तक्रारही होती. गेल्या महिन्यात मी परत गेले. खाली बझर दाबला, वर त्यांनी दार उघडलं. वायरिंगचं प्रमाणपत्र आता फाइलमध्ये आहे. बेडरूमच्या कोपऱ्यातली ओल वरचं पन्हाळं तुंबून फुटल्यामुळे होती आणि दोन वेळा मारलेल्या रंगाखाली ते पाणी मुरतच राहिलं होतं. मचाण बांधायची तारीख मी त्यांना सांगितली. त्यांनी ड्रॉवर उघडला, रबरबँड काढला आणि एका जुन्या कार्डाच्या पाठीमागे ती लिहून घेतली.